सेव्हर्नकाठी जिताड्याच्या शोधात

इंग्लंडहून परत आल्यावर पेणच्या आमच्या महिला मंडळात सगळ्याजणींनी मला राणीच्या राजवाड्याबद्दल विचारलं. राजवाडा मी पाहिला. कुंपणाबाहेरून पाहिला, पावसात पाहिला, आणि छत्री उलटी झाल्यामुळे अर्धाच पाहिला. त्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नाही. माझे निम्मे दिवस गेले ते एका चिखलाच्या काठावर, धाकट्या भावाशेजारी घडीच्या खुर्चीत बसून, त्याच्या गळाला मासा लागतो का हे बघण्यात. तेव्हा ज्यांना लंडनची वर्णनं हवी असतील त्यांनी दुसरीकडे जावं. ही हकीकत वेल्समधल्या नदीची आहे आणि आमच्या जिताड्याच्या लांबच्या भाऊबंदाची आहे.

घाटावरच्या वाचकांसाठी एवढं सांगते, की पेण आणि अलिबागच्या मधला जो खारेपाट, तिथे जिताडा हा नुसता मासा नव्हे. पावसाळ्यात खाडीचं पाणी बांधाच्या उघाडीतून, म्हणजे झडपेच्या दारातून, शेतात शिरतं, त्याबरोबर जिताड्याची पिल्लं येतात. ती उचलून घराजवळच्या तळ्यात सोडायची, वर्षानुवर्षं वाढवायची, आणि घरात जावई आला की सासऱ्याने स्वतः तळ्यात उतरून एक काढायचा. माझ्या दिवाळसणाला आमचे आबा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते आणि काठावर माझा भाऊ सुधाकर त्यांचं धोतर धरून नाचत होता. आमच्या यजमानांना त्या दिवशी जिताड्याचं जे डोकं वाढलं, त्याचं कौतुक त्यांनी पुढे जन्मभर सांगितलं. माझ्या स्वयंपाकाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

ईलिंग

ही नव्वद सालानंतरच्या एका दिवाळीची गोष्ट. सुधाकर तीस वर्षं वेल्समधल्या कार्डिफला भूलतज्ज्ञ डॉक्टर. इतक्या वर्षांत भाऊबिजेला मी त्याला प्रत्यक्ष ओवाळलं नव्हतं, पाटावर त्याचा फोटो ठेवून ओवाळत होते. या वेळी मी ठरवून दिवाळीच्या आधी निघाले, आणि निघायला भाऊबीज हे एकच कारण नव्हतं. त्याची मुलगी अश्विनी, जन्मापासून तिथलीच, हिने एप्रिलमध्ये गॅरेथ नावाच्या वेल्श मुलाशी रजिस्टर लग्न केलं. लग्नाला आई हजर राहिली, बाप गेला नाही. तेव्हापासून बापलेकींचा अबोला. जावई गोरा म्हणून सुधाकरला राग नव्हता. आधी विचारलं नाही, नुसतं कळवलं, म्हणून होता. आमच्या घरातली माणसं रागावली की आरडाओरडा करत नाहीत, गप्प बसतात, आणि गप्प बसण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. वर्षाच्या आत हा दिवाळसण झाला नाही तर तो कधीच होणार नाही, अशी मला धास्ती होती.

विमानतळावरच्या साहेबाने माझ्या पिशवीतली आमसुलं हुंगली आणि हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, सुकं फळ. त्याला ते पटलं, मलाही पटलं. लंडनच्या ईलिंग भागात मावसबहिणीकडे दोन रात्री राहिले. तिथे कोथिंबीर, कढीपत्ता, ओला नारळ, सगळं हाकेच्या अंतरावर मिळतं, आणि दुकानदार गुजराती असून मराठीत भाव सांगतो. बहिणीच्या नातवाने मला विचारलं, की आजी, नोव्हेंबरमध्ये वेल्सला कोण जातं, तिथे तर नुसता रेन असतो. मी त्याला सांगितलं, मी पेणची आहे, मला पावसाचं भय घालू नकोस.

कार्डिफ

पाऊस म्हणजे काय हे मला कार्डिफला कळलं. आमचा पाऊस येतो, कोसळतो आणि जातो. तिथला येतच नाही, तो असतोच. घरं एकाला एक चिकटलेली, दगडी, आणि प्रत्येक घरापुढे हातरुमालाएवढी बाग. लोक मात्र फार बोलघेवडे. बस थांब्यावर एका बाईने मला पाच मिनिटांत तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची साद्यंत माहिती दिली आणि वर मला ‘लव्ह’ म्हणाली. मी चुकून तिला तुमचं इंग्लंड छान आहे म्हटलं, तर तिने माझ्या हातावर थोपटून हे इंग्लंड नव्हे असं प्रेमाने समजावलं. कोकणात येऊन देशाची स्तुती करणाऱ्या पुणेकरांना मी असंच समजावते.

सुधाकरची बायको नलिनी हिने चकल्या पाडायला घेतल्या होत्या. ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दार लावून म्हणाली, “वन्सं, तुम्हीच बघा आता यांच्याकडे. उरलेली सगळी रजा काढलीय. रोज सकाळी गळाची काठी घेऊन नदीवर जातात नि रिकाम्या हाताने येतात. विचारलं तर म्हणतात, फ्रेश एअर.”

सुधाकरने जन्मात मासा धरला नव्हता. लहानपणी तळ्यात उतरायला घाबरायचा, आणि नंतर अभ्यासाला लागला तो लागलाच. आता या वयात काठी, रीळ, गुडघ्याच्या वर जाणारे रबरी बूट, सगळा सरंजाम त्याने विकत आणला होता. मी दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर निघाले.

कार्डिफची नदी टॅफ. ती पेनार्थच्या कड्याखाली समुद्राला मिळते, म्हणजे खरं तर सेव्हर्न नावाच्या मोठ्या नदीच्या अजस्र मुखाला मिळते. हे पाणी पाहिलं आणि मला एकदम धरमतरच्या खाडीवर आल्यासारखं वाटलं. तोच मचूळ वास, तोच चहाच्या रंगाचा गढूळपणा, तोच चकचकीत चिखल. फक्त भरती-ओहोटी अशी, की आमची खाडी तिच्यापुढे पाळण्यातली. सकाळी होड्या चिखलात लोळत पडलेल्या दिसायच्या आणि दुपारी त्याच जागी चार पुरुष खोल पाणी. सुधाकर गळाला चिखलातला लांबलचक किडा लावायचा, तोही हातमोजे घालून, ऑपरेशनला उभा असल्यासारखा. मग गळ टाकून बसायचा. मी शेजारी शाल, स्वेटर आणि वर त्याचा रेनकोट अशा थाटात बसायची. कुत्र्याला फिरवणारी एक म्हातारी रोज विचारायची, काही लागलं का, आणि रोज नाही ऐकून आनंदाने पुढे जायची.

सुधाकरला हवा होता तो इंग्रजीत ‘बास’ म्हणतात तो मासा. दिसायला अगदी जिताडा, चंदेरी, काटेरी पाठ, तोंड मोठं. सुधाकरने मला सांगितलं, की मी उन्हाळाभर थांबलो, कारण उन्हाळ्यात मासा कसला मिळतोय. पावसाचा लोंढा यावा, खाडी गढूळ व्हावी, पाणी गोडं व्हावं, मग तो काठाला येतो. मला ते बरोबर वाटलं. मीही खारेपाटातलीच.

चार-पाच दिवस असे गेले. त्यांची एक शेकोटीची आणि फटाक्यांची रात्र असते, ती नेमकी आपल्या दिवाळीच्या सुमारास आली. सगळं कार्डिफ बाण उडवत होतं. मी खिडकीत उभी राहून पाहिलं. नलिनीने पाच जणांचं उटणं भिजवलं होतं आणि घरात आम्ही तिघं होतो. ते उरलेलं उटणं मी पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं.

बाजारात

कार्डिफच्या जुन्या छपराच्या बाजारात मासळीचं एक मोठं दुकान आहे. तिथे मी कॉकल नावाच्या शिंपल्या खाल्ल्या, आपल्या तिसऱ्यांसारख्याच, पण त्या उकडून व्हिनेगर घालून थंडगार देतात. ओलं खोबरं नाही, तिखट नाही. त्या बिचाऱ्या शिंपल्यांची मला कणव आली. समुद्रातल्या शेवाळाचा एक काळा लगदा करतात, तो सकाळी बेकनबरोबर परतून खातात. दिसायला भयंकर, चवीला मात्र चांगला. माझ्या मते त्यात लसणाची फोडणी हवी.

बर्फावर एक सुरेख बास ठेवलेला होता, हातभर लांब. मी सुधाकरला कोपराने ढोसलं. म्हटलं, हा बघ तुझा मासा, घे आणि संपव एकदाचं, आता मला संधिवात होईल.

तो दुसरीकडे बघत म्हणाला, “विकतचा चालणार नाही, ताई.”

“कशाला चालणार नाही?”

तो पाकीट चाचपू लागला. दुकानदाराने विचारलं तेव्हा त्याने दोन मॅकरल घेतले, पैसे दिले आणि चालू लागला. मी त्याच्या मागून चालताना त्याची पाठ पाहिली आणि ती मला आबांसारखी दिसली. मग मला सगळं समजलं. याला जावयाला जेवायला बोलवायचं होतं. तोंडाने बोलवणं जमत नव्हतं. स्वतःच्या हाताने जिताडा काढला की आमंत्रण आपोआप होतं, नाही काढला तर होत नाही, असं काहीतरी या शिकल्यासवरल्या माणसाने मनाशी धरलं होतं, आणि भाऊबीज दोन दिवसांवर होती. पाडव्याचं गोडधोड झालं की भाऊबिजेला मासा, ही आमच्या घरची रीत. मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि त्याच क्षणी जवळही घ्यावंसं वाटलं. बाजारात दोन्ही बरं दिसलं नसतं.

घरी आल्यावर तो वर झोपायला गेला आणि मी अश्विनीला फोन लावला. ती सेव्हर्नच्या पलीकडे ब्रिस्टलला राहते. आता गंमत ऐका. ही मुलगी नोकरी कसली करते? माशांच्या संशोधनाची. त्यातही, सेव्हर्नमधला बास कधी येतो, कधी जातो, कुठे जातो, हेच तिचं काम. जाळ्यात सापडलेल्या बासच्या पाठीला बिल्ला लावून ती त्याला पुन्हा सोडते, खवल्यावरची वलयं बघून वय सांगते. सगळ्या ब्रिटनमध्ये ज्या मूठभर माणसांना हे विचारायचं, त्यातली एक याच्या पोटची, आणि हा तिच्याशी बोलत नाही.

मी तिला बापाचा उद्योग सांगितला. ती आधी हसली. मग म्हणाली, “आत्या, पण रिव्हर आता एम्प्टी आहे. बास समरमध्ये वर येतात, मे मध्ये, खेकडे खायला. पाणी थंड झाला की ते खाली जातात, डीप सी मध्ये, कॉर्नवॉलच्या पलीकडे. बाबा उलटं करतायत.”

म्हणजे झालं असं. आमचा जिताडा पावसाबरोबर आत येतो, म्हणून सुधाकर पावसाची वाट बघत राहिला. इथला बास उन्हाबरोबर आत येतो आणि पावसाबरोबर जातो. उन्हाळाभर नदी भरलेली होती तेव्हा हा घरी बसला, आणि नदी रिकामी झाल्यावर काठी घेऊन निघाला. तीस वर्षं या देशात राहून माणूस मासा मात्र पेणच्या पंचांगाने धरत होता. आणि मला तरी कुठे कळलं होतं?

अश्विनीने आणखी सांगितलं, की बिल्ला लावलेले मोठे बास पुढच्या मे महिन्यात बहुधा त्याच नदीत, त्याच जागी परत येतात. यावर मी माणसांचं आणि मायभूमीचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. ती म्हणाली, तसं काही नाही आत्या, तिथे खेकडे चांगले असतात. मी तोंड मिटलं.

“मग आता मासा कुठेच नाही?” मी विचारलं.

एक जागा आहे म्हणाली. तिच्या बाजूच्या काठावर एक वीजकेंद्र आहे. ते नदीत कोमट पाणी सोडतं. तिथे लहान बास हिवाळाभर राहतात, त्यांना थंडी कळतच नाही. होडीतून तिथे धरायला बंदी आहे, काठावरून गळ टाकला तर चालतो. मग ती म्हणाली, “आत्या, अजून एक प्रॉब्लेम आहे. गॅरेथ फिश खात नाही. ही इज व्हेजिटेरियन.”

मी फोनशेजारच्या स्टुलावर बसले. खारेपाटातल्या घराला शाकाहारी जावई. हे बापाला कोणी सांगितलं नव्हतं, कारण सांगायला कोणी बोलतच नव्हतं. अश्विनी म्हणाली, की बाबांसाठी गॅरेथ खाईन म्हणतो, पण त्याला खोटं बोलता येत नाही, चेहरा लाल होतो. मी म्हटलं, तू त्याला घेऊन तिथे ये, चेहऱ्याचं पुढे बघू.

पुलापलीकडे

भाऊबिजेच्या सकाळी मी सुधाकरला पाटावर बसवलं. फोटोला ओवाळायची इतकी सवय, की खरा भाऊ समोर बसला तर मी आधी पदराने त्याचं कपाळ पुसलं, फोटोची काच पुसते तसं. तो ओवाळणी घालायला पाकीट काढू लागला. मी म्हटलं, पाकीट ठेव, गाडी काढ आणि मी सांगेन तिकडे ने. ओवाळणी मागितली की भावाला नाही म्हणता येत नाही, एवढा एकच अधिकार मला होता, तो मी वापरला. काठी मी आधीच डिकीत टाकली होती. नलिनी न विचारता मागे बसली, मांडीवर फराळाचा डबा.

सेव्हर्नवरचा पूल मोठा देखणा आहे. खाली नदी इतकी रुंद, की पलीकडचा काठ धुक्यात आहे की नाही कळत नव्हतं. वाऱ्याने गाडी हलत होती. पलीकडे उतरल्यावर शेतांमधून अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना उंच कुंपणं, गाई आणि त्यांच्यामागे ते वीजकेंद्राचं राखाडी धूड. बांधावर अश्विनी उभी होती आणि तिच्या शेजारी एक उंच, तांबूस केसांचा मुलगा, टोपी हातात धरून. सुधाकरने गाडी थांबवली पण इंजिन बंद केलं नाही. मी हात लांब करून किल्ली फिरवली.

गॅरेथ पुढे आला आणि “नमस्कार, आत्या” म्हणाला. तालीम केलेली दिसत होती. सुधाकरशी त्याने हस्तांदोलन केलं, दोघांनी हवामानाबद्दल पुरेपूर चर्चा केली. लेकीशी सुधाकर बोलला नाही. गळ कुठे टाकायचा हे त्याने मला विचारलं, मी अश्विनीला विचारलं, तिने मला सांगितलं, मी त्याला. तीन हातांवर उभी माणसं आणि मध्ये मी दुभाषी. पाण्यातून जिथे वाफ निघत होती त्याच्या कडेला, असं तिचं म्हणणं होतं.

थोड्याच वेळात काठी वाकली. सुधाकर एवढा दचकला की पाय घसरून चिखलात गुडघ्यावर बसला. गॅरेथ त्याच्याकडे धावणार होता, अश्विनीने त्याची बाही धरली. कोणी हात लावला नाही. सुधाकरने धडपडत, घसरत, रीळ उलटंसुलटं फिरवत तो मासा स्वतःच बाहेर काढला. चंदेरी, तडफडणारा, सुंदर. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी आधी एकदाच पाहिला होता, तो मेडिकलला नंबर लागला तेव्हा.

मग अश्विनीने पिशवीतून मोजपट्टी लावलेली फळी काढली. तिने मासा फळीवर ठेवला आणि खाली मान घातली. कायद्याने धरायच्या मापाला तो चांगला वीतभर कमी होता. सुधाकरला मोजपट्टी वाचता येते. तो मासा दोन्ही हातांत धरून उभा राहिला. मला वाटलं आता हा मासा गाडीत टाकतो आणि निघतो, इथे बघायला कोण होतं? पण तो पाण्यात उतरला, बूट बुडेपर्यंत आत गेला, वाकला आणि हात उघडले.

परत आल्यावर तो गॅरेथला इंग्रजीत म्हणाला, की माफ कर, तुझ्यासाठी हवा होता. आमच्याकडे सासऱ्याने जावयाला मासा द्यायचा असतो.

गॅरेथचा चेहरा लाल झाला. नुसता लाल नव्हे, बिटासारखा. त्याने अश्विनीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “डॉक्टर, मला आधीच सांगायला हवं होतं. मी मासे खात नाही. पण तुम्ही दिला असता तर मी खाल्ला असता.”

नलिनीने डब्याचं झाकण घट्ट धरलं. वारा होता, वीजकेंद्राची घरघर होती. सुधाकर ओल्या बुटांनी तसाच उभा राहिला. त्याच्या ओठाचं टोक हललं, आणि मला कळेना की हा आता रडणार की हसणार. मग तो वळला. माझ्याकडे नाही, गॅरेथकडेही नाही.

“अशू,” तो म्हणाला, “तो मासा मापाचा व्हायला किती वर्षं लागतील?”

एप्रिलनंतर त्याने तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. बासच्या वाढीबद्दल सबंध सेव्हर्नकाठी हिच्याइतकं कोणाला ठाऊक नसेल, पण तिला उत्तर देता येईना. ती बोटांवर काहीतरी मोजायला लागली आणि मध्येच डोळे पुसू लागली. शेवटी कसंबसं म्हणाली, “बास खूप स्लो वाढतो, बाबा. तीन वर्षं. चार पण लागतील.”

“बरं आहे,” सुधाकर म्हणाला. “तोवर हा खायला शिकेल. दर दिवाळीला येत जा दोघं.”